विश्लेषण : ई-सिगारेटवर बंदी, तरी मुलांच्या हाती ‘व्हेप’ कसे?

दिसायला हायलायटर पेनसारखे किंवा पेनड्राइव्हसारखे, रंग चटकदार, वास आंब्याचा नाहीतर कलिंगडाचा. मुलांच्या दप्तरात अशी वस्तू सापडली तर अनेक पालकांना आणि शिक्षकांना ती काय आहे हेच पटकन कळत नाही. भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सगळ्यावर २०१९ पासून बंदी आहे. तरीही व्हेप शहरांतील महाविद्यालयांच्या आवारापर्यंत आणि शाळांच्या वरच्या वर्गांपर्यंत पोहोचले आहे. मग बंदी फसली, असे म्हणायचे का? की बंदीशिवाय स्थिती याहून वाईट झाली असती? निर्बंधांनी अल्पवयीन मुलांचे निकोटिन खरोखर कमी होते का, याचे उत्तर काही देशांच्या अनुभवात सापडते. आपल्या पानटपरीवरही ते सापडते.

हे उपकरण नेमके कसे चालते?

व्हेप हे बॅटरीवर चालणारे छोटे उपकरण. आत द्रवाची टाकी आणि तापणारी तार. तोंडाने ओढले की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार तयार होतात आणि ते थेट फुप्फुसात जातात. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. ‘ही तर नुसती पाण्याची वाफ’ हा मुलांमधला सर्वात मोठा गैरसमज. त्या धुरकट तुषारांत पाणी नावापुरते असते. तापलेल्या तारेतून सुटणाऱ्या धातूंचे कण आणि फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनेही त्यात आढळतात.

खरा फरक पडला तो निकोटिनच्या स्वरूपामुळे. साध्या निकोटिनचे प्रमाण वाढवले की घसा खवखवतो, ठसका लागतो. पहिल्यांदा सिगारेट ओढणाऱ्या मुलाला शरीर अशी सूचना देत असते आणि अनेक जण तिथेच थांबतात. २०१५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘जूल’ने बेंझोइक आम्ल वापरून निकोटिनचा क्षार बनवला. त्यामुळे निकोटिनची तीव्रता वाढली तरी घशाला त्रास होईना. पाच टक्के निकोटिन असलेल्या एका कुपीत साधारण एका सिगारेटच्या पाकिटाएवढे निकोटिन असते, असे ही कंपनीच सांगत असे. आज मिळणारी बहुतेक एकदा वापरून फेकायची उपकरणे याच मार्गाने बनतात.

सिगारेट निदान संपते. तिचा वास कपड्यांना लागतो, राख पडते, थोटूक उरते. हजारो झुरके देणाऱ्या व्हेपला असा शेवट नसतो. बाथरूममध्ये, पांघरुणाखाली, दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांतही ते ओढता येते. घरच्यांना सुगावा लागेपर्यंत सवय जडलेली असते.

किशोरवयात निकोटिनचा धोका जास्त का?

मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत सुरू असते. एकाग्रता, शिकणे आणि मोहावर ताबा ठेवणे ज्या भागाकडे असते, तो भाग सर्वात शेवटी पक्व होतो. या काळात मेंदूला निकोटिनची सवय लागली की त्याला प्रतिसाद देणारी केंद्रे वाढतात आणि व्यसन लवकर व घट्ट जडते. अमेरिकेत रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते. म्हणूनच तंबाखू उद्योगाला नवा ग्राहक विशीनंतर सहसा मिळत नाही. तो शाळा-महाविद्यालयाच्या वयातच मिळतो.

‘व्हेप ओढले की अभ्यासाचा ताण कमी होतो,’ असे मुले सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो, त्याचा अर्थ मात्र उलटा असतो. निकोटिन उतरू लागले की चिडचिड, अस्वस्थता आणि बेचैनी सुरू होते. पुढचा झुरका ती शमवतो. म्हणजे जो ताण कमी झाल्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा निकोटिननेच निर्माण केलेला असतो.

व्हेपमधून मुले सिगारेटकडे वळतात का, यावर वाद आहे. व्हेप ओढणारी मुले पुढे सिगारेट सुरू करण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक अभ्यासांत दिसले. मात्र जी मुले धोका पत्करतात तीच दोन्हीकडे वळतात, असेही त्याचे स्पष्टीकरण असू शकते. व्यसन निकोटिनचे आहे, एवढ्यावर मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत.

भारतातील कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विद्युत हुक्का आणि तंबाखू न जाळता नुसता तापवणारी उपकरणेही याच व्याख्येत येतात. ओढणाऱ्यासाठी मात्र कायद्यात वेगळी शिक्षा नाही. रोख विक्रेत्यावर आहे आणि तो योग्यच आहे.

हा कायदा आला तेव्हा प्रश्न आवाक्यात होता. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात ई-सिगारेट कधीतरी वापरलेल्या प्रौढांचे प्रमाण ०.०२ टक्के, म्हणजे नगण्य होते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी २.८ टक्क्यांनी ती कधीतरी वापरल्याचे सांगितले. प्रौढांना जवळपास माहीतही नसलेली वस्तू मुलांनी आधी गाठली, ही धोक्याची घंटा होती. अमेरिकेतील शाळांमध्ये त्याच वेळी जे चालले होते ते पाहता, आग लागण्याआधी पाणी टाकणे हाच बंदीमागचा विचार होता.

बंदीने एक गोष्ट निश्चित साधली. मॉलमध्ये व्हेपची दालने उघडली नाहीत, क्रिकेटच्या मैदानावर त्यांचे फलक लागले नाहीत, दूरचित्रवाणीवर जाहिराती आल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अखेरीस दिलेल्या माहितीनुसार ३४ देशांनी ई-सिगारेटची विक्री बंद केली होती, तर ७४ देशांत कोणतेच नियम नव्हते आणि ८८ देशांत खरेदीसाठी किमान वयाची अट नव्हती. या पार्श्वभूमीवर भारताची भूमिका ठाम होती, हे मान्य करावे लागते.

मग ते मिळते कुठून?

जगातील बहुतांश व्हेप चीनमध्ये, मुख्यतः शेन्झेन परिसरात बनतात. वस्तू हलकी, छोटी आणि महाग. तस्करीसाठी याहून सोयीचा माल नाही. बंदरांवर आणि विमानतळांवर सीमाशुल्क विभाग साठे पकडतो, पण जे निसटते ते समाजमाध्यमांवरील खाती, संदेशांचे गट, ओळखीचा ‘भैया’ आणि घरपोच पार्सल या साखळीतून मुलांपर्यंत जाते. शैक्षणिक संस्थांजवळच्या स्टेशनरीच्या आणि किराणा दुकानांतून ई-सिगारेट विकल्या जात असल्याची दखल २०२३ मध्ये खुद्द केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घेतली. त्या वर्षी मंत्रालयाने सक्त अंमलबजावणीच्या सूचना दिल्या, विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा बजावल्या आणि तक्रारींसाठी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. कायदा होऊन तेव्हा जवळपास चार वर्षे झाली होती.

चोरट्या बाजाराची स्वतःची एक किंमत असते. दुकानदार वय विचारत नाही, कारण विक्रीच बेकायदा असताना वयाचा प्रश्न उरतच नाही. द्रवात निकोटिन किती, आणखी काय मिसळले आहे, हे तपासणारेही कोणी नसते. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसाला गंभीर इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण दगावले. त्यामागचे प्रमुख कारण होते ‘व्हिटॅमिन ई अॅसिटेट’. गांजाचा अर्क असलेल्या, अनधिकृत मार्गाने मिळवलेल्या कुप्यांमध्ये ते घट्टपणासाठी मिसळले जात होते. तो साथीचा प्रकार साध्या निकोटिनच्या व्हेपमुळे झाला नव्हता. पण कुपीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसलेल्या बाजारात काय घडू शकते, हे त्याने दाखवले. भारतात विकले जाणारे प्रत्येक व्हेप अशाच बाजारातून येते.

अमेरिकेत निर्बंधांनी काय घडले?

या प्रश्नाचा सर्वात तपशीलवार दाखला अमेरिकेचा आहे, कारण तिथे शाळकरी मुलांच्या तंबाखूसेवनाचे सर्वेक्षण दरवर्षी होते. त्यानुसार हायस्कूलमधील मुलांत, सर्वेक्षणाआधीच्या ३० दिवसांत ई-सिगारेट ओढलेल्यांचे प्रमाण २०११ मध्ये १.५ टक्के होते. २०१८ मध्ये ते २०.८ टक्के झाले आणि २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे चारातल्या एकाहून अधिक. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी याला साथ म्हणून जाहीर केले होते. त्याच महिन्यात ‘मार्लबोरो’ बनवणाऱ्या अल्ट्रिया कंपनीने ‘जूल’मधील ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. एकाच महिन्यातल्या या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की उद्योगाचे गणित उलगडते.

निर्बंध त्यानंतर आले. डिसेंबर २०१९ मध्ये तंबाखूजन्य पदार्थ विकत घेण्याचे किमान वय देशभर १८ वरून २१ झाले. फेब्रुवारी २०२० पासून अन्न व औषध प्रशासनाने फळांच्या आणि मिठाईच्या स्वादांच्या कुप्यांवर कारवाई सुरू केली. मात्र या कारवाईतून दोन गोष्टी सुटल्या : मेंथॉलचा स्वाद आणि एकदा वापरून फेकायची उपकरणे. मुलांनी पळवाट काही महिन्यांत शोधली. व्हेप ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांपैकी फेकायची उपकरणे वापरणारे २०१९ मध्ये २.४ टक्के होते. २०२० मध्ये ते २६.५ टक्के झाले. मग कंपन्यांनी दुसरी पळवाट काढली. कायद्यात ‘तंबाखूपासून मिळणारे’ निकोटिन होते, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेले निकोटिन वापरायला सुरुवात केली. ती फट संसदेने मार्च २०२२ मध्ये बुजवली.

एवढ्या धावपळीनंतर आकडे खाली आले का? आले. हायस्कूलमधील प्रमाण २०२० मध्ये १९.६ टक्के, २०२२ मध्ये १४.१, २०२३ मध्ये १० आणि २०२४ मध्ये ७.८ टक्के झाले. २०१९ मध्ये माध्यमिक आणि हायस्कूल मिळून ५० लाखांहून अधिक मुले व्हेप ओढत होती. २०२४ मध्ये ती साधारण १६ लाख ३० हजारांवर आली. ही मुले सिगारेटकडे वळली असतील, अशी भीती होती. देशपातळीवर तसे दिसले नाही. २०२४ मध्ये सिगारेट ओढणाऱ्या शाळकरी मुलांचे प्रमाण १.४ टक्के, म्हणजे आजवरच्या नीचांकी पातळीवर होते. सॅन फ्रान्सिस्कोत स्वादांवर बंदी आल्यानंतर किशोरांतील धूम्रपान इतर शहरांच्या तुलनेत वाढल्याचे एका अभ्यासात दिसले होते. पण त्यातील माहिती अंमलबजावणी सुरू होण्याआधी गोळा झाली होती, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

या घसरणीचे श्रेय एका कायद्याला देता येत नाही. करोनाकाळात शाळा बंद होत्या, मुले एकमेकांपासून दूर होती. किमान वय वाढले, दुकानदारांवर अचानक तपासण्या झाल्या, दंड बसले, मुलांच्या भाषेत बोलणाऱ्या मोहिमा चालल्या आणि राज्यांनी ‘जूल’ला न्यायालयात खेचले. २०२२ मध्ये या कंपनीने ३० हून अधिक राज्यांशी ४३.८५ कोटी डॉलरची तडजोड केली. शिवाय उरलेली मुले हलकी ओढणारी नाहीत. २०२४ मध्येही व्हेप ओढणाऱ्या चारातला एक जण ते रोज ओढत होता. ज्यांना सोडणे सोपे होते ते बाहेर पडले, अडकलेले तिथेच राहिले.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया काय शिकवतात?

ब्रिटनने उलट वाट धरली. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी व्हेप हा कमी घातक पर्याय म्हणून तिथे स्वीकारला गेला. निकोटिनची मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, टाकी दोन मिलिलिटरची आणि १८ वर्षांखालील मुलांना विक्री बंद. तरीही स्वस्त, रंगीत, फेकायची उपकरणे आली आणि मुलांमधील वापर झपाट्याने वाढला. अखेर १ जून २०२५ पासून अशा उपकरणांची विक्री तिथे बंद झाली. मर्यादा असूनही मुले अडकली, कारण किंमत, रंग आणि स्वाद यांना कोणी हात लावला नव्हता.

ऑस्ट्रेलियाने सर्वात कडक मार्ग निवडला. ऑक्टोबर २०२१ पासून निकोटिनचे व्हेप डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळू लागले, जानेवारी २०२४ पासून फेकायच्या उपकरणांची आयात थांबली आणि १ जुलै २०२४ पासून विक्री फक्त औषध दुकानांतून. त्याच वेळी सिगारेटवरील कर प्रचंड वाढलेला होता. परिणामी तंबाखू आणि व्हेपचा चोरटा व्यापार टोळ्यांच्या हाती गेला आणि मेलबर्न परिसरात प्रतिस्पर्ध्यांची तंबाखूची दुकाने पेटवून देण्याच्या घटनांची मालिकाच लागली. कायदा कितीही कडक असला तरी अंमलबजावणीची तयारी त्याच वेगाने झाली नाही, तर पोकळी कोणीतरी भरतेच.

बंदीच्या विरोधातील युक्तिवाद किती खरा?

बंदीला विरोध करणाऱ्यांचा सर्वात वजनदार मुद्दा प्रौढांचा आहे. निकोटिन असलेल्या ई-सिगारेटने सिगारेट सुटण्याची शक्यता निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्यांपेक्षा अधिक असते, असे कोक्रेन या नामांकित वैद्यकीय आढाव्याचे निष्कर्ष सांगतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भारतात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे अधिक आहेत. महाराष्ट्रात तर २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते आणि धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के. मळलेली तंबाखू किंवा खर्रा सोडण्यासाठी व्हेपचा उपयोग काय, याला त्या युक्तिवादात उत्तर नाही.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. ज्या सिगारेटने माणसे मरतात हे निर्विवाद आहे ती कोपऱ्यावर खुलेआम मिळते, आणि तिच्याहून कमी घातक मानले जाणारे उपकरण बाळगणाऱ्या दुकानदाराला तुरुंग. देशातील सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थेची मोठी गुंतवणूक आहे, हे त्यात भर घालते. ही विसंगती खरी आहे. पण ती दूर करण्याचा मार्ग म्हणून आणखी एक व्यसन बाजारात मोकळे सोडावे, हा निष्कर्ष मुलांच्या हिताचा नाही. विसंगती दूर करायची तर दुसऱ्या टोकाने करावी लागेल.

मुलांच्या हाती असलेले खरे निकोटिन कोणते?

व्हेपची चर्चा शहरी आणि पैसेवाल्या घरांत होते, कारण ते महाग आहे. देशातील बहुसंख्य मुलांचे पहिले निकोटिन मात्र पाच-दहा रुपयांत मिळते. २०१९ च्या युवा सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणता ना कोणता तंबाखू घेत होते. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांनी वयाच्या दहाव्या वाढदिवसाआधीच सुरुवात केली होती. दहावा वाढदिवस म्हणजे चौथी-पाचवीतला मुलगा. व्हेपची बंदी या मुलाच्या आयुष्यात कुठेच येत नाही.

या मुलासाठी कायदे नाहीत असे नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ती विकणे बेकायदा आहे. दंड किती? जास्तीत जास्त २०० रुपये. त्याच कृत्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एकाच गुन्ह्याला एका कायद्यात चहापाण्याचा दंड आणि दुसऱ्यात सात वर्षे. सोयीचा म्हणून पावती फाडण्याचाच मार्ग निवडला जातो.

महाराष्ट्राला तर बंदी आणि वास्तव यांतले अंतर नवे नाही. राज्याने २००२ मध्ये पहिल्यांदा गुटख्यावर बंदी आणली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आली आणि दरवर्षी नव्या आदेशाने ती पुढे चालू राहिली. तरी शेजारच्या राज्यांतून येणारे ट्रक पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. उत्पादकांनी सुपारीचा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत देऊन बंदीलाच बगल दिली. मिसळण्याचे काम गिऱ्हाईक करते. कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आली. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घालणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले. आज कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहा, पाकीट फोडून एकेक सिगारेट दिली जाताना दिसेल. सुटी सिगारेट ही मुलांच्या खाऊच्या पैशांत बसणारी सिगारेट असते.

करांची गोष्टही वेगळी नाही. किंमत वाढली की मुले सर्वात आधी मागे हटतात, हे तंबाखू नियंत्रणातील सर्वात भक्कम निरीक्षण आहे. असे असताना सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने इतर तंबाखूसाठी ४० टक्क्यांचा टप्पा ठरवला आणि विडीचा दर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर कामगारांना पर्याय देण्यात आहे, विडी स्वस्त ठेवण्यात नाही.

मग निर्बंध उपयोगाचे कधी ठरतात?

वरच्या सगळ्या अनुभवांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वस्तूवर बंदी घातली की मुले दुसऱ्या वस्तूकडे जातात. विकणारा हात अडवला, किंमत वाढवली आणि स्वाद काढून घेतला की मुलांची संख्या घटते. म्हणजे निर्बंध चालतात, पण दुकानाच्या फळीपाशी पोहोचतात तेव्हाच.

त्यासाठी पहिली गरज आहे तंबाखू विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला परवाना लावण्याची. आज चिप्स आणि चॉकलेटच्या बरण्यांशेजारी तंबाखूच्या पुड्या टांगलेल्या असतात. कोण विकतो याची नोंदच नसेल, तर परवाना रद्द होण्याची भीती कोणाला वाटणार? दुसरी गरज दंडाची. कर्नाटकने आपल्या राज्यापुरता कायदा बदलून तंबाखू खरेदीचे किमान वय २१ केले आणि २०० रुपयांचा दंड हजारापर्यंत नेला. महाराष्ट्राला तसे करण्यापासून कोणी अडवलेले नाही.

तिसरी गोष्ट व्याख्येची. आपला २०१९ चा कायदा उपकरणाची व्याख्या करतो. ओठाखाली ठेवायच्या, तंबाखूविना निकोटिनच्या छोट्या पुड्या आता जगभर खपत आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये १.८ टक्के शाळकरी मुले त्या वापरत होती. अशी पुडी ई-सिगारेटच्या व्याख्येत बसत नाही. कायदा उपकरणाभोवती बांधला तर प्रत्येक नव्या वस्तूमागे धावावे लागते. औषध म्हणून मान्यता असलेली उत्पादने सोडून कोणत्याही रूपातले निकोटिन अल्पवयीनांना विकणे हाच गुन्हा ठरवला तर धावण्याची वेळ येणार नाही.

चौथी गोष्ट मोजमापाची. अमेरिकेला फेकायच्या उपकरणांची पळवाट वर्षभरात दिसली, कारण तिथे दरवर्षी मोजले जाते. आपल्याकडे १३ ते १५ वयोगटाचे युवा सर्वेक्षण २००३, २००६, २००९ आणि मग थेट २०१९ मध्ये झाले. त्यातले शेवटचेही बंदीच्या अध्यादेशाआधीचे. त्या आकड्यांवरून बंदीचे यश किंवा अपयश ठरवता येत नाही. राज्याने शाळांमधून दर दोन वर्षांनी नमुना पाहणी केली तरी चित्र हाती येईल.

राहता राहिला तो मुलगा, ज्याच्या दप्तरात ते रंगीत उपकरण सापडले. त्याला शाळेतून काढून टाकणे हा सर्वात सोपा आणि सर्वात निरुपयोगी उपाय. शाळेबाहेर गेलेले मूल तंबाखूच्या अधिक जवळ जाते. कायद्यानेही त्याला गुन्हेगार मानलेले नाही, मग शाळेने आणि घराने का मानावे? निकोटिन सुटण्यासाठी अनेकदा एकाहून अधिक प्रयत्न लागतात, पहिले काही दिवस चिडचिड आणि निद्रानाशाचे असतात, हे पालकांना आधी माहीत असेल तर रागाऐवजी धीर देता येतो. केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना समुपदेशन देते. हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो. तो शाळेच्या फलकावर आणि मुलांच्या दैनंदिनीतही असायला हवा. मुलाला पहिला प्रश्न ‘का ओढलेस?’ असा विचारण्याऐवजी ‘कोणी विकले?’ असा विचारला, आणि त्याचे उत्तर पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचले, तर २०१९ च्या कायद्याची खरी अंमलबजावणी तिथून सुरू होईल.